पेसमेकर नाकारा म्हणणाऱ्या मेसेजला उत्तर

‘पेसमेकर (हृदयाचे ठोके मंदावले की विजेने ठोका देणारं छोटं यंत्र) बसवून घेऊ नका’ असा मेसेज पुन्हा घराघरांत फिरतोय. त्यात पाच गोष्टी ठामपणे सांगितल्या आहेत. पेसमेकरने हृदयाला सवय लागते. हार्ट फेल्युअर, म्हणजे हृदयाचं पंपिंग कमकुवत होणं, त्यानेच होतं, हे अमेरिकेतल्या संशोधनात सिद्ध झालंय. साधी चक्कर आली तरी डॉक्टर तो बसवतात. एकदा बसला की मोबाईल, मिक्सर, एमआरआय सगळं बंद. आणि शेवटी जीव सुखाने जात नाही.

मी पेसमेकर तपासणीचं काम करतो. गेल्या आठवड्यात एका मुलाने हाच मेसेज मला वाचून दाखवला. शेजारी वडील बसलेले. ठोके मिनिटाला 34, पूर्ण हार्ट ब्लॉक, दोनदा बाथरूममध्ये पडलेले. मुलगा निष्काळजी नाही, घाबरलेला आहे. त्याच्यासारख्यांसाठी हे लिहितोय.

आधी एक गोंधळ दूर करू. रक्तवाहिनीतलं ब्लॉकेज वेगळं, त्यावर अँजिओप्लास्टी होते. हार्ट ब्लॉकमध्ये वरच्या कप्प्यातून खालच्या कप्प्याकडे जाणारा विजेचा संदेश वाटेत अडतो. तिथे स्टेंट काही करू शकत नाही, आणि ठोके कायम टिकवून धरेल अशी भरवशाची गोळीही नाही.

‘हृदयाला सवय लागते.’ तपासणीत मी प्रोग्रॅमरचं, म्हणजे बाहेरून पेसमेकर तपासणाऱ्या आणि बदलणाऱ्या यंत्राचं, हेड छातीवर ठेवतो आणि पेसमेकरचा वेग 60 वरून 50, 40, 30 असा उतरवत जातो. बऱ्याच जणांचे स्वतःचे ठोके मध्येच कुठेतरी वर येतात आणि पेसमेकर आपोआप गप्प बसतो. तो प्रत्येक ठोका ऐकत असतो, आला नाही तरच स्वतः देतो. काहींचे येत नाहीत. आजोबा ‘गरगरतंय रे’ म्हणतात आणि मी तत्काळ वेग पूर्ववत करतो. वेग एकदम खाली आणला तर स्वतःचा ठोका सुरू व्हायला हृदयाला थोडा वेळ लागतो, हे खरं आहे. पण ज्यांचे ठोके येतच नाहीत, त्यांच्यात बहुतेक वेळा मूळ आजार पुढे सरकलेला असतो.

‘त्यानेच हार्ट फेल्युअर होतं.’ या मुद्द्यात तथ्य आहे, म्हणूनच तो सगळ्यात घातक. 2002 साली अमेरिकेतल्या ‘डेव्हिड’ नावाच्या चाचणीचे निष्कर्ष आले. 506 रुग्ण, सगळ्यांचं पंपिंग (डाव्या कप्प्यातलं जेवढं रक्त एका ठोक्यात बाहेर फेकलं जातं तो हिस्सा) 40 टक्के किंवा त्याहून कमी, सगळ्यांना शॉक देणारं डिफिब्रिलेटर यंत्र बसवलेलं. निम्म्यांत यंत्राचा पेसमेकर ठोके 40 च्या खाली गेले तरच चालेल असा राखीव ठेवला, म्हणजे जवळजवळ गप्पच. बाकीच्यांत वरच्या आणि खालच्या दोन्ही कप्प्यांना 70 च्या वेगाने पेसिंग केलं, म्हणजे यंत्राने ठोके दिले. मृत्यू न येता आणि हार्ट फेल्युअरसाठी दाखल न होता वर्ष काढणारे पहिल्या गटात 83.9 टक्के होते, दुसऱ्यात 73.3. मेसेज इथे थांबतो. यातल्या कुणालाही ठोके कमी म्हणून पेसमेकरची गरज नव्हती, हे तो सांगत नाही. आधीच थकलेल्या हृदयाला नको असलेलं पेसिंग दिल्यावर काय होतं, ते या चाचणीने दाखवलं. 34 ठोक्यांवर अडकलेल्या माणसाबद्दल ती काहीच सांगत नाही.

नुकसान होतं कसं, तेही सांगतो. पूर्वापार पद्धतीत वायरचं टोक उजव्या खालच्या कप्प्याच्या तळाशी रोवतात. निसर्गाने दिलेली वाट वेगळी आहे: हिस बंडलमधून, म्हणजे विजेचा संदेश खाली नेणाऱ्या तंतूंच्या जुडग्यातून, डावी-उजवी फांदी आणि तिथून क्षणात सगळ्या स्नायूत. तळाशी दिलेला ठोका ती वाट सोडून स्नायूतून सरकत जातो, त्यामुळे डावा कप्पा एकसाथ आवळत नाही, एक बाजू आधी आणि दुसरी मागून. रोजचे लाखभर ठोके असेच पडत राहिले तर काहींचं पंपिंग उतरतं. सगळ्यांचं नाही.

हे शोधून काढलं ते पेसिंगवर काम करणाऱ्यांनीच, आणि ते तिथे थांबले नाहीत. 2013 च्या ‘ब्लॉक एचएफ’ चाचणीत हार्ट ब्लॉक असलेल्या, पंपिंग 50 टक्के किंवा त्याखालच्या 691 रुग्णांमध्ये दोन्ही खालच्या कप्प्यांचं पेसिंग एकट्या उजव्यापेक्षा सरस ठरलं. प्रमोद देशमुख यांनी त्याच्या कितीतरी आधी, 2000 साली, अमेरिकेतून थेट हिस बंडलमध्येच वायर बसवल्याचा अनुभव प्रसिद्ध केला होता. 18 पैकी 12 रुग्णांत ती कायमची बसवता आली. जागा इवलीशी आणि हृदय सतत हलणारं, त्या मानाने हे मोठंच यश. पुढे 2017 मध्ये चीनमधल्या वेंझोच्या वेजियान हुआंग यांच्या गटाने दोन खालच्या कप्प्यांमधल्या पडद्यातून आत जाऊन हिस बंडलच्या डाव्या फांदीला पेसिंग करण्याची पद्धत मांडली. आज ती झपाट्याने वापरात येतेय. ईसीजीत आधीचा रुंद ठोका आणि नंतरचा अरुंद, सुबक ठोका शेजारी ठेवून पाहिले की मला अजूनही मनापासून आनंद होतो.

तेव्हा त्या मुलाने डॉक्टरांना विचारायचं ते हे: बाबांना किती टक्के पेसिंग लागेल, इकोत (हृदयाच्या सोनोग्राफीत) पंपिंग किती आहे, वायर कुठे बसवणार, आणि पुढचा इको कधी?

‘चक्कर आली की बसवतात.’ कुठे गरज नसताना बसवलाही जात असेल, पण संशोधनाचा कल उलटा आहे. भीतीने, वेदनेने किंवा फार वेळ उभं राहून येणाऱ्या भोवळीवर 1999 मध्ये कॅनडातल्या संशोधकांनी 54 रुग्णांची चाचणी केली. पेसमेकर न बसवलेल्यांपैकी 70 टक्के पुन्हा कोसळले, बसवलेल्यांपैकी 22. शंका राहिली म्हणून 2003 मध्ये 100 रुग्णांची दुसरी चाचणी झाली. यंत्र सगळ्यांना बसवलं, पण निम्म्यांचं पेसिंग बंद ठेवलं, आणि कुणाचं बंद हे रुग्णांना कळू दिलं नाही. सहा महिन्यांत बंद गटातले 42 टक्के आणि चालू गटातले 33 टक्के कोसळले. हा फरक ठोस म्हणण्याइतका नव्हता. पहिल्या चाचणीतला बराचसा फायदा ‘आपल्याला यंत्र बसलंय’ या दिलाशाचा असावा. त्यानंतर अशा भोवळीत पेसमेकर सुचवताना हात आखडता घेतला जाऊ लागला.

मोबाईल आणि मिक्सर: मोबाईल यंत्रापासून वीतभर दूर धरा, शर्टच्या त्या बाजूच्या खिशात ठेवू नका. मिक्सर खुशाल वापरा, फक्त छातीला टेकवू नका. इंडक्शन शेगडीपासून दोन फूट. एमआरआयसाठी चालणारे पेसमेकर आता सर्रास मिळतात. जुन्या यंत्रांवरही 2017 च्या ‘मॅग्नासेफ’ पाहणीत छाती सोडून इतर भागांचे 1500 एमआरआय झाले, त्यादरम्यान एकही मृत्यू झाला नाही. मात्र आधी आणि नंतर यंत्र तपासून घ्यावंच लागतं.

राहिला मरणाचा मुद्दा. स्टॉकहोममध्ये 8 ऑक्टोबर 1958 रोजी आर्ने लार्सन यांना जगातला पहिला शरीरात बसवलेला पेसमेकर मिळाला. तो काही तासांतच बंद पडला. पुढे आयुष्यभरात त्यांना 26 यंत्रं लागली, आणि 2001 मध्ये, 86 व्या वर्षी, ते कर्करोगाने गेले. पेसमेकरने त्यांना अडवून धरलं नाही. श्वास थांबला, स्नायूला प्राणवायू मिळेना झाला, की तो विजेला प्रतिसादच देत नाही. तेव्हा ईसीजीच्या पट्टीवर पेसमेकरच्या बारीक उभ्या रेघा उमटत राहतात आणि त्यांच्यामागे एकही ठोका नसतो.

शॉक देणाऱ्या यंत्राचं मात्र वेगळं आहे. अखेरच्या दिवसांत त्याचे शॉक माणसाला त्रास देऊ शकतात. ते प्रोग्रॅमरने, कापाकापी न करता, बंद करता येतात. घरच्यांनी तसं डॉक्टरांना वेळेवर सांगावं. आणि दहनाआधी यंत्र काढून घ्यायला विसरू नका, पेसमेकर असला तरीही, कारण बॅटरी चितेत फुटते.