गाडी घेताना डोकं घरी ठेवून जा

‘जुनी तीन लाखांची घेऊ, की नवी हप्त्यावर घेऊ?’ असं विचारणाऱ्याला उत्तर नको असतं, संमती हवी असते. बहुतेक वेळा टोकन देऊन झालेलं असतं.

गेल्या रविवारी जुन्या गाड्यांच्या एका यार्डात मी ‘गाडी नावावर कधी होईल?’ एवढंच विचारलं. समोरून उत्तर आलं, ‘साहेब, नावाचं काय घेऊन बसलात? फॉर्मवर सह्या करून ठेवल्यात. चालवा निवांत. विकाल तेव्हा थेट पुढच्याच्या नावावर होईल, तुमचा खर्चही वाचेल.’ शेजारच्या दोन गिऱ्हाइकांनी समजूतदारपणे माना डोलावल्या. पुढचं सगळं मार्गदर्शन त्या दोन मानांना अर्पण.

तर समजा, तुमच्याकडे साडेतीन लाख रोख आहेत. एका बाजूला २०१६ ची पेट्रोल हॅचबॅक, सव्वातीन लाखांना. दुसऱ्या बाजूला नवी छोटी एसयूव्ही, एक्स-शोरूम ९ लाख ६० हजार. आता मी सांगतो तसं करा.

नवी घेणार असाल तर किंमत विचारूच नका. ‘हप्ता किती बसेल?’ एवढंच विचारा. शोरूममधल्या मुलाला तेवढंच उत्तर पाठ असतं, त्याला उगाच अडचणीत आणू नका. नऊ लाखांचं कर्ज, साडेनऊ टक्के, सात वर्षं, महिन्याला साधारण १४,७०० रुपये. ऐकायला किती सोपं! तेच कर्ज पाच वर्षांत फेडायचं तर १८,९०० बसतात, म्हणून पाच वर्षांचं नावच काढू नका. सात वर्षांत व्याज जातं ३ लाख ३५ हजार आणि पाच वर्षांत २ लाख ३४ हजार. म्हणजे ४,२०० रुपयांनी हलका हप्ता मिळावा म्हणून तुम्ही एक लाख जास्त मोजता. पण लाखाचा विचार सात वर्षांनी करायचा आहे, आत्ता डिलिव्हरीचा फोटो काढायचाय.

पहिल्या हप्त्यातले ७,१२५ रुपये निव्वळ व्याजाचे असतात, हेही पाहू नका. तीन वर्षं नेमाने हप्ते भरूनसुद्धा बँकेचे ५ लाख ८५ हजार बाकी असतात. आणि विम्याच्या तक्त्यात तीन वर्षं पूर्ण झालेल्या गाडीची घसारा-वजावट ४० टक्के, म्हणजे विमा-मूल्य उरलं ५ लाख ७६ हजार. त्या दिवशी गाडी चोरीला गेली, तर विम्याचे सगळे पैसे बँक घेईल आणि वर नऊ-दहा हजार तुमच्याकडे मागेल. गाडी नाही, पैसे नाहीत, वर देणं. पाच वर्षांच्या कर्जात त्याच दिवशी बाकी असते सुमारे ४ लाख १२ हजार. हे गणित मोबाईलवर दोन मिनिटांत होतं. म्हणूनच करायचं नाही.

ऑन-रोड किमतीचा कागद मागू नका. मागितलात तर ओळी मोजू नका. महाराष्ट्रात दहा लाखांपर्यंतच्या पेट्रोल गाडीला ११ टक्के एकरकमी कर, म्हणजे इथे १ लाख ५ हजार ६००, तो सरकारचा. तो द्यावाच लागतो. त्याच्या खाली ‘हँडलिंग चार्जेस’, ‘इसेन्शियल किट’, टेफ्लॉन कोटिंग आणि मडफ्लॅपसकट सीटकव्हरचं पॅकेज असतं, ते प्रेमाचं देणं समजून द्या. विमा शोरूममधूनच घ्या. बाहेरून त्याच विमा-मूल्याचं, त्याच अ‍ॅड-ऑनचं कोटेशन आणलंत की त्यांचा दर अचानक खाली येतो, आणि माणसाला असं लाजवणं बरं नाही.

जानेवारीत गाडी घेताना चॅसी नंबरवरून उत्पादनाचं वर्ष तपासू नका. गेल्या वर्षीची गाडी यंदाच्या भावात घेण्याची मजा वेगळीच.

आता जुनीकडे या.

गाडी संध्याकाळी बघा. पाऊस असेल तर फारच उत्तम.

सोबत मेकॅनिक नेऊ नका, मेहुण्याला न्या. मेकॅनिक हजार-दीड हजार घेतो आणि गाडीखाली शिरून मूड घालवतो. मेहुणा दार उघडून जोरात आपटतो, टायरला लाथ मारतो आणि म्हणतो, ‘बॉडी कडक आहे.’

इंजिन थंड असताना सुरू करून बघायचा हट्ट धरू नका. तुम्ही पोचण्याआधीच यार्डवाल्याने गाडी फिरवून गरम करून ठेवलेली असते, त्या कष्टांचा मान राखा. बोनेटवर हात ठेवून बघणं हे तर अविश्वासाचं लक्षण. थंड इंजिन पहिल्यांदा सुरू झाल्यावर सायलेन्सरमधून निळसर धूर आला तर ऑइल जळतंय, हे समजून काय करणार? चालू इंजिनाचं ऑइल भरायचं झाकण उघडलं आणि आतून दमादमाने वाफ येत असली तर पिस्टन रिंगचं काम जवळ आलंय. झाकणाखाली दह्यासारखा फेस दिसला, तर कूलंट ऑइलमध्ये उतरत असण्याची शंका घ्यायची असते. (पावसाळ्यात जवळच्या जवळ फिरणाऱ्या गाडीत नुसत्या ओलीनेही थोडा फेस धरतो, म्हणून कूलंटची पातळीही बघायची.) हेड गॅस्केटचं, म्हणजे सिलिंडर हेडखालच्या सीलचं, काम निघालं तर सिलिंडर हेड काढावं लागतं आणि ‘स्वस्त’ गाडीतला स्वस्तपणा तिथेच संपतो.

क्लचची परीक्षा तर मुळीच घेऊ नका. मोकळ्या सपाट जागी हँडब्रेक पूर्ण ओढायचा, चौथा गिअर टाकायचा आणि थोडा रेस देत क्लच सोडायचा. इंजिन तिथल्या तिथे बंद पडलं तर क्लच ठीक. घोंघावत चालूच राहिलं तर प्लेट संपलेली आहे. अर्ध्या मिनिटाचं काम. एकदाच करायचं, पुन्हा पुन्हा नाही, नाहीतर चांगली प्लेटही जाळून ठेवाल.

मीटरवर ४२,००० किलोमीटर दिसले की डोळे मिटा. ‘लेडी डॉक्टरची गाडी, फक्त क्लिनिकला जायची.’ महाराष्ट्रात इतक्या लेडी डॉक्टर असत्या तर प्रत्येक तालुक्याला दवाखाना लाभला असता. टायरच्या कडेला चार आकडे असतात. ३१२२ म्हणजे २०२२ सालचा एकतिसावा आठवडा. चारही टायर २०२२ चे आणि स्टेपनी मात्र २०१६ ची असेल, तर पहिला संच कधी आणि किती किलोमीटरला बदलला, एवढंच विचारायचं. वयामुळे बदलला असेल, तसं होतंही, पण मग बिल असेल. क्लच-ब्रेकच्या पेडलचं रबर गुळगुळीत, स्टिअरिंग चकचकीत, ड्रायव्हर सीटची दाराकडची कड बसलेली, आणि मीटर म्हणे ४२,०००! गाडीचा नंबर घेऊन अधिकृत सर्व्हिस सेंटरकडून जुनी नोंद काढून आणायला विक्रेत्याला सांगा. तो ‘बाहेर सर्व्हिस केली, घरचाच मेकॅनिक आहे’ म्हणाला की गहिवरून या.

काचांवरचे आकडेही असेच. सगळ्या काचा २०१६ च्या आणि मागची एकच २०२१ ची असेल तर त्या बाजूचं पत्र्याचं काम उघडून बघायचं असतं. दाराचं रबर उपसलं की खाली कंपनीच्या स्पॉट वेल्डिंगचे ठरावीक अंतरावरचे गोल खड्डे दिसतात. ते गायब असून पुट्टी दिसली तर ‘नॉन-अ‍ॅक्सिडेंटल’ हा शब्द विक्रेत्याने भावनेच्या भरात वापरला होता. २०१९ ला सांगली-कोल्हापूर आणि २०२१ ला चिपळूण बुडालं, तेव्हा पाण्यात गेलेल्या सगळ्याच गाड्या काही भंगारात गेल्या नाहीत. सीटबेल्ट शेवटपर्यंत ओढून पाण्याची रेषा बघायची, स्टेपनीच्या खड्ड्यातली चादर उचलून कोपऱ्यातला गाळ बघायचा, सीटच्या रुळांचा गंज बघायचा. पण तुम्ही परफ्यूमचा वास घ्या. छान असतो.

जुन्याचा भाव घासू नका. २२ सप्टेंबर २०२५ पासून छोट्या गाड्यांवरचा जीएसटी १८ टक्क्यांवर आला, नव्यांचे भाव उतरले, पण यार्डातल्या भावफलकापर्यंत ती बातमी अजून पोचायची आहे.

दिल्ली पासिंगची गाडी दिसली तर झडप घाला. लाखभर स्वस्त का, हे विचारू नका. तिकडची एनओसी, इकडचा कर पुन्हा, नवा नंबर आणि दिल्लीकडून कराच्या परताव्याची वाट पाहणं, हे सगळं एजंट ‘बघून घेईल’.

जुन्या गाडीवर कर्ज घेणार असाल तर ‘सात टक्के फ्लॅट’ ऐकताच सही करा. नव्या गाडीच्या साडेनऊपेक्षा सात कमी, हे शाळेत शिकलोच आहोत. दोन लाख, पाच वर्षं, ७ टक्के फ्लॅट म्हणजे ७०,००० व्याज, हप्ता ४,५००. फेडत गेलेल्या मुद्दलावरही शेवटपर्यंत व्याज चालूच, म्हणून घटत्या शिलकीवर तोच दर साधारण साडेबारा टक्के पडतो. ऑक्टोबर २०२४ पासून रिझर्व्ह बँकेच्या नियमाने कर्ज देणाऱ्याला ‘की फॅक्ट्स स्टेटमेंट’ द्यावंच लागतं, त्यात सगळे खर्च धरून वार्षिक दर लिहिलेला असतो. तो कागद पॉपकॉर्नसाठी वापरा.

आणि आता मुख्य सल्ला: गाडी नावावर करू नका. मालकी बदलण्याचे, सह्या केलेले कोरे २९ आणि ३० नंबरचे फॉर्म डॅशबोर्डच्या खणात ठेवा आणि चालवा निवांत.

निवांत म्हणजे कसं ते सांगतो. विमा आधीच्या मालकाच्या नावावर. खरेदीनंतर १४ दिवसांत विमा कंपनीला कळवून पॉलिसी बदलायची असते. ते केलं नाही आणि गाडी ठोकली, तर थर्ड पार्टीचा भाग तरतो, पण तुमच्या स्वतःच्या गाडीच्या नुकसानीचा दावा कंपनी नाकारते, आणि कायदा तिच्या बाजूने आहे. आधीच्या मालकाचा नो क्लेम बोनस, म्हणजे दावा न केल्याबद्दलची विमा हप्त्यातली सूट, त्याचा असतो, गाडीचा नाही. पॉलिसी नावावर करताना तो फरक भरावा लागतो, म्हणून लोक पॉलिसीच बदलत नाहीत. चार-पाच हजार वाचवायला तीन लाखांची गाडी उघडी ठेवतात! आधीच्या मालकाचं कर्ज फिटलेलं असेल, पण फॉर्म ३५ देऊन आरसीवरचा बोजा उतरवला नसेल तर गाडी आरटीओच्या लेखी अजून बँकेकडेच गहाण. आधीचा मालक वारला, तर खणातले ते सह्यांचे फॉर्म रद्दी. मग फॉर्म ३१, वारसाचे कागद, आणि पुण्यात एक, नाशकात एक आणि अमेरिकेत एक असे वारस शोधत फिरा.

आणि विकणारे तुम्ही, तुम्हीही काही कमी नाही. यार्डवाल्याने पैसे दिले, किल्ली घेतली, कोऱ्या फॉर्मवर सह्या करून घरी आलात आणि झोपलात? तुमच्या नावावरची ती गाडी कोण चालवतंय, तुम्हाला ठाऊक आहे? नवले पुलाच्या उतारावर ती कुणाला उडवेल तर नोटीस कुणाच्या घरी येईल? सर्वोच्च न्यायालयाने २०१८ मध्ये साफ सांगितलंय की नोंदवहीत ज्याचं नाव, तोच मालक, मग मधे गाडी चार जणांनी विकलेली का असेना. भरपाईची जबाबदारी त्याच्यावर. १ एप्रिल २०२३ पासून अधिकृत डीलरला गाडी देताना आरटीओला कळवण्यासाठी फॉर्म २९-सी आहे. त्यानंतर गाडीची जबाबदारी त्या डीलरवर जाते. तुमच्या यार्डवाल्याने त्याचं नाव तरी काढलं? तुम्ही विचारलंत? नाही. तुम्ही ‘ओळखीतला माणूस आहे’ म्हणालात. आता त्याच गाडीचं वाशीच्या सिग्नलवरचं ई-चलन तुमच्या मोबाईलवर येतं आणि तुम्ही सरकारला शिव्या घालता!

दोनशे रुपयांच्या कुकरच्या रबरासाठी तीन दुकानं पालथी घालणारी माणसं आपण. मिक्सर घेताना वॉरंटी कार्डावर शिक्का मारल्याशिवाय दुकानाची पायरी उतरत नाही. आणि लाखांची वस्तू घेताना कागद बघायला लाज वाटते? कशाची? समोरचा काय म्हणेल याची?

तेव्हा नीट ऐका. महिन्याला चार-पाचशे किलोमीटर फिरणं असेल तर जुनी घ्या, पण सव्वातीन लाखांची घेऊ नका. पावणेतीनची घ्या आणि पन्नास हजार बाजूला ठेवा: ऑइल-फिल्टर, कूलंट, ब्रेक ऑइल, ब्रेक पॅड, बॅटरी, गरज पडली तर टायर आणि क्लच. टोकन देण्याआधी आरसीवरचं नाव आणि बोजा, ई-चलनं, विम्याची मुदत आणि हाय सिक्युरिटी नंबरप्लेट तपासा. चलनं बाकी असली की ट्रान्सफर अडतं. सौद्याच्या कागदावर तारखेबरोबर वेळही लिहा. आरसीवर तुमचं नाव लागेपर्यंत विक्रेत्याला द्यायच्या पैशातले वीस-पंचवीस हजार हातात राखून ठेवा. विक्रेता तयार नसेल तर उठा, गाड्यांना तोटा नाही. नोंदणीला पंधरा वर्षं होत आलेली गाडी असेल तर नूतनीकरणाचे पाच हजार आणि वर पर्यावरण कर धरूनच भाव बोला.

रोज पन्नास-साठ किलोमीटर धावणार असाल तर नवी घ्या. हप्ता पाच वर्षांच्या हिशेबाने झेपतो का ते बघा. झेपत नसेल तर सात वर्षांवर जाऊ नका, एक आकार लहान गाडी घ्या. शेजाऱ्याने मोठी घेतली असेल तर त्याचा हप्ता तो भरतोय. मुदतीआधी कर्ज फेडल्यास किती टक्के दंड आहे ते करारात शोधा, फिक्स दराच्या कर्जात बहुधा असतोच.

आणि ज्यांनी गाडी घेऊन सहा महिने झाले, फॉर्म अजून खणातच आहेत, त्यांच्याकडे आधीच्या मालकाचा नंबर असेलच. लावा फोन. आत्ता.