नोंदवहीत जन्म वाढले, मग जननदर घटला कसा?

सप्रेम नमस्कार.

मध्य प्रदेशातील जननदर गेल्या दोन दशकांत सातत्याने उतरला आहे, या माझ्या विधानावर आपण दोन आक्षेप घेतले आहेत. इंदूरच्या नोंदवहीत जन्मांची संख्या वर्षागणिक वाढत असताना ही घट केवळ सरकारी कागदावरची असणार, हा पहिला. सरकारच्याच दोन पाहण्यांपैकी एक एकूण जननदर, म्हणजे एका बाईला आयुष्यात सरासरी होणारी मुले, 2.0 सांगते आणि दुसरी 2.6, तेव्हा अशा आकड्यांवरून काहीच म्हणता येत नाही, हा दुसरा. दुसरा आक्षेप वजनदार आहे; पहिला तुलनेने लवकर निकालात निघतो.

जन्म-मृत्यू नोंदणीच्या 1969 च्या कायद्यानुसार जन्म जिथे होतो तिथेच त्याची नोंद होते. आईचे घर कोणत्या गावी आहे, याचा तिथे प्रश्न येत नाही. धार, देवास किंवा झाबुआकडची अडलेली बाळंतीण इंदूरच्या एमवाय या सरकारी रुग्णालयात आणली जाते, तेव्हा तिचे मूल इंदूरच्या वहीत चढते. आपल्या मराठी घरांतली पुण्याला दिलेली मुलगी पहिल्या बाळंतपणासाठी माहेरी येते, तेव्हाही भर इंदूरच्याच आकड्यात पडते. याहून मोठा बदल म्हणजे बाळंतपणे घरातून रुग्णालयात गेली. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणानुसार मध्य प्रदेशात दवाखान्यात होणाऱ्या प्रसूतींचे प्रमाण 2005-06 मध्ये जेमतेम 26 टक्के होते आणि 2015-16 मध्ये ते 81 टक्क्यांच्या घरात गेले. रुग्णालयातला जन्म वहीत पोहोचतो. घरातला पूर्वी कित्येकदा पोहोचत नसे. समजा, एखाद्या भागात पूर्वी शंभर मुले जन्मत आणि साठांचीच नोंद होई, आणि आता ऐंशी जन्मतात व सर्वांची नोंद होते. वही एक तृतीयांश वाढ दाखवील, प्रत्यक्षात जन्म मात्र एक पंचमांशाने घटलेले असतील. शिवाय इंदूर जिल्ह्याची लोकसंख्या 2001 ते 2011 या दहा वर्षांत सुमारे 24.7 लाखांवरून 32.8 लाखांवर गेली. एवढ्या वाढत्या वस्तीत दर घटूनही जन्मांची संख्या वाढू शकते.

नोंदवहीची ही लंगडी बाजू आपल्याकडे फार पूर्वी ओळखली गेली होती. नमुना नोंदणी पद्धत तिच्यावरचा उपाय म्हणूनच 1964-65 मध्ये प्रायोगिक स्वरूपात सुरू झाली आणि 1969-70 पासून देशभर लागू झाली. निवडलेल्या गावांत आणि वस्त्यांत एक स्थानिक गणक वर्षभर जन्म-मृत्यू टिपत राहतो, आणि दर सहा महिन्यांनी दुसरा माणूस त्याची यादी न पाहता घरोघर चौकशी करतो. दोन्ही याद्या ताडून पाहिल्या जातात आणि न जुळणाऱ्या नोंदींची जागेवर जाऊन पुन्हा खातरजमा होते. यामागची कल्पना चंद्रशेखरन आणि डेमिंग यांनी 1949 मध्ये मांडली. पहिल्या यादीत 90 जन्म आले, दुसरीत 80 आणि दोन्हींत सामाईक 72, तर दुसऱ्याला सापडलेल्यांपैकी नव्वद टक्के पहिल्याने पकडले होते. म्हणजे एकूण जन्म सुमारे 100 असावेत. दोन्ही यादीकार एकमेकांवर विसंबून नसले तरच हे गणित चालते, आणि लहान गावात, जिथे सगळ्यांना सगळे ठाऊक असते, ती अट पाळणे किती कठीण असेल हे मी आपल्याला सांगायला नको.

आता आपला 2.0 आणि 2.6 चा मुद्दा. कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या 2019-21 च्या फेरीने मध्य प्रदेशासाठी 2.0 हा दर दिला आणि नमुना नोंदणीने 2020 साठी 2.6. हा फरक किरकोळ नाही. मात्र आपण एकाच वर्षाचे दोन आकडे समोर ठेवून थांबलात. मी आपल्याला मागे जायला सांगेन. 2005-06 च्या सर्वेक्षणात राज्याचा दर 3.1 होता, तेव्हा नमुना नोंदणी 2005 साठी 3.6 सांगत होती. 2015-16 मध्ये सर्वेक्षण 2.3 वर होते, नमुना नोंदणी 2015 साठी 2.8 वर. म्हणजे दीड दशक ही तफावत 0.5 ते 0.6 एवढीच राहिली. पातळीबद्दल दोघांचे पटत नाही. उताराबद्दल मात्र एक 1.1 ची घट सांगते आणि दुसरी 1.0 ची. काळानुसार झालेला बदल मोजताना सतत एकाच दिशेने होणारी चूक बरीचशी आपोआप वजा होते. घोटाळा होतो तो एका मालिकेचा जुना आकडा दुसऱ्या मालिकेच्या नव्या आकड्याला जोडल्यावर. 3.6 वरून थेट 2.0 अशी उडी वर्तमानपत्रांतून हौसेने मारली जाते, आणि ती खोटी असते.

पातळीबद्दल माझे मत विचाराल, तर 2.0 हा आकडा मला कमी वाटतो. सर्वेक्षणात बाईच्या आठवणीवर भिस्त असते आणि जन्मून लगेच दगावलेले मूल सांगायचे राहून जाते. पाच वर्षांखालील प्रत्येक मुलासाठी लांबलचक प्रश्नावली असल्याने थकलेला प्रगणक मुलाचा जन्म मागे, सर्वेक्षणाआधीच्या सहाव्या वर्षात ढकलतो, अशी जुनी तक्रार आहे. जननदर सर्वेक्षणाआधीच्या शेवटच्या तीन वर्षांवरून काढल्याने या सरकवासरकवीपासून बराच बचाव होतो, राहून गेलेल्या मुलांपासून होत नाही. उलट नमुना नोंदणीची गावे 2011 च्या जनगणनेवरून निवडलेली आहेत, त्यामुळे पिथमपूरकडे किंवा बायपासपलीकडे इंदूर शहर जसे पसरले तसे ते तिच्यात उतरत नाही, आणि शहरी वस्तीत जननदर कमी असल्याने एकूण दर थोडा चढा दिसण्याचा संभव राहतो.

दोन्ही पाहण्या नकोतच असतील, तर जनगणना पाहा. 2001 मध्ये राज्याची लोकसंख्या सुमारे 6.03 कोटी होती आणि 0 ते 6 वयाची मुले 1.08 कोटी. 2011 मध्ये लोकसंख्या 7.26 कोटी झाली आणि या वयाची मुले पुन्हा 1.08 कोटीच. याच दशकात बालमृत्यू घटले होते, म्हणजे जन्मलेल्यांपैकी अधिक मुले जगत असूनही आकडा जागचा हलला नाही. 2001 चे आकडे छत्तीसगड वेगळे झाल्यानंतरचे आहेत, त्यामुळे सीमाबदलाचा आक्षेपही इथे लागू होत नाही. 1990 च्या दशकातले मध्य प्रदेशाचे आकडे वापरताना तो जरूर लागू होतो.

केवळ इंदूरचा दर सांगा, ही आपली मागणी मात्र मी पुरी करणार नाही. वरच्या दोन्ही पाहण्यांचा नमुना जिल्ह्याचा दर काढण्याइतका मोठा नाही. वार्षिक आरोग्य सर्वेक्षण असे जिल्हावार दर देत असे, पण ते 2010-11 ते 2012-13 एवढेच चालले. तसे सर्वेक्षण पुन्हा होईपर्यंत नोंदवहीतला आकडा वापरायचाच असेल, तर तो आईच्या कायमच्या पत्त्यानुसार वेगळा करून घ्यावा लागेल.