उगाच कुठे फिरतात हो?

लेखात म्हटलंय की ७५ वरच्यांना एसटी फुकट केल्यापासून म्हातारी माणसं उगाच फिरतात आणि गर्दी होते. उगाच म्हणजे काय हो? आमची आई ७९ ची, २०२२ च्या ऑगस्टात ही सवलत चालू झाली त्याआधी मावशीकडे जायचं तर माझ्याकडे पैसे मागायला लाजायची, मग गुडघे दुखतात म्हणून जायचंच टाळायची. आता महिन्यातून एकदा आधार कार्ड प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून निघते, शून्य रुपयाचं तिकीट जपून आणते आणि घरी आल्यावर नातवाला दाखवते 😄 गुडघे तेव्हाही दुखायचे, आताही दुखतातच.

खरा घोळ आमच्या शहरातल्या बसचा आहे, तिथे गाडी फुटपाथपासून चार हात लांब थांबते, पहिली पायरी एवढी उंच की आई आधी पिशवी वर ठेवते, मग दांडा धरून एक पाय टाकते आणि दुसरा उचलायच्या आत कंडक्टर डबल बेल देतो. ज्येष्ठांच्या सीटवर कानात हेडफोन घातलेला पोरगा असतोच, तो खिडकीबाहेर बघतो. त्यामुळे तीन तासांवरच्या मावशीकडे ती एकटी जाते, पण दोन स्टॉपवरच्या दवाखान्यात न्यायला मला रजा टाकावी लागते.