आयात मालाच्या मूल्याबाबत खुलासा

‘बिल कितीचेही असो, सीमाशुल्क विभाग इंटरनेटवरचा भाव धरूनच शुल्क लावतो,’ असा संदेश नागपुरातील व्यापाऱ्यांच्या व्हॉट्सअ‍ॅप गटांवर फिरत आहे. तो बरोबर नाही. सीमाशुल्क अधिनियम, 1962 च्या कलम 14 नुसार मूल्याचा आधार म्हणजे प्रत्यक्ष दिलेली किंवा देय असलेली किंमत. तिच्यात भारतातील बंदरापर्यंतचे भाडे, विमा आणि काही प्रसंगी स्वामित्वशुल्क (रॉयल्टी) मिळवले जाते. न्हावा शेव्याला उतरलेला माल शुल्क भरण्यापूर्वीच नागपूरच्या कंटेनर डेपोत हलवला, तर त्या अंतर्गत वाहतुकीचा खर्च मात्र मूल्यात धरता येत नाही, आणि हे आपल्याकडे अनेकांच्या लक्षातच येत नाही.

बिलाबद्दल रास्त शंका आली, तर 2007 च्या मूल्यनिर्धारण नियमांतील नियम 12 प्रमाणे अधिकारी पुरावा मागू शकतो. मात्र आयातदाराने मागणी केल्यास अधिकाऱ्याला शंकेची कारणे लेखी कळवून आयातदाराचे म्हणणे ऐकून घ्यावे लागते. त्यानंतरही बिल नाकारले, तर आधी तंतोतंत तशाच आणि मग मिळत्याजुळत्या आयात मालाची किंमत, अशा ठरलेल्या क्रमाने पुढे जावे लागते. भारतात तयार झालेल्या मालाचा इथला विक्रीभाव आधार म्हणून चालत नाही.

संदेशात थोडे तथ्य असलेच तर ते सुपारी, पामतेल, सोने यांसारख्या मालापुरते. त्यांचे मूल्य सरकार अधिसूचनेने ठरवते आणि तिथे बिलातील आकडा गौण ठरतो. पण तो भावही राजपत्रातला असतो, इंटरनेटवरचा नव्हे.