थर्मोस्टॅट काढल्याने सिग्नलवर तापणारी गाडी गार होत नाही : एका प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार काका,

सिग्नलला उभी राहिली की तापणाऱ्या जुन्या कार्ब्युरेटरवाल्या मारुती ८०० बद्दल मी लिहिलं होतं. त्यावर तुमचं म्हणणं थोडक्यात असं : एवढं तपासत बसायची गरजच नाही. थर्मोस्टॅट (इंजिन तापेपर्यंत रेडिएटरकडे जाणारं पाणी अडवणारी झडप) थंड देशांसाठी असतो. विदर्भाच्या ४५ अंशांत तो काढून टाकायचा, फॅन डायरेक्ट करायचा, म्हणजे गाडी चालू असेपर्यंत तो सतत फिरत राहील असा जोडायचा, विषय संपला. तुमच्या मिस्त्रींनी एकाच दिवशी दोन्ही केलं आणि तेव्हापासून तापमानाचा काटा अर्ध्यापर्यंतही जात नाही. मी वाचकांना उगाच खर्चात पाडतोय, असंही तुम्ही लिहिलंत.

मला हे पटत नाही. सविस्तर लिहितोय, कारण हा सल्ला गॅरेजा-गॅरेजात मिळतो आणि त्यापायी चांगली इंजिनं अकाली झिजतात.

तुमच्याच प्रतिक्रियेतली एक ओळ घेतो. ‘हायवेला कधी तक्रार नव्हती, फक्त गर्दीत एसी लावून उभं राहिलं की काटा चढायचा.’ इथेच निदान झालं. थर्मोस्टॅट बंद अवस्थेत अडकला असता तर गाडी हायवेला आधी तापली असती, कारण तिथे इंजिन जास्त उष्णता तयार करतं. तिथे काटा जागेवर राहत होता, म्हणजे पाणी फिरत होतं आणि रेडिएटरही काम करत होता. उभ्या गाडीत कमी पडत होती ती हवा. धावत्या गाडीला हवा आपोआप मिळते, उभ्या गाडीला ती फॅनच देतो. तुमची गाडी बरी झाली ती फॅन डायरेक्ट केल्यामुळे. बिघाड पाणी तापलं की फॅन चालू करणाऱ्या स्विचमध्ये, फॅनचा भार उचलणाऱ्या रिलेत किंवा अर्थिंगमध्ये असणार आणि तो अजून तिथेच आहे. थर्मोस्टॅट बिचारा विनाकारण गेला.

आता ४५ अंशांचं. थर्मोस्टॅट साधारण ८२ अंशांना उघडू लागतो. म्हणजे मे महिन्यातल्या नागपुरातही बाहेरची हवा आणि इंजिनाला हवं असलेलं तापमान यांत चाळीसेक अंशांचं अंतर उरतं. गाडी तापते तेव्हा तो आधीच पूर्ण उघडलेला असतो. उघडं दार चौकटीसकट काढून खोलीत कितीशी जास्त हवा येणार? उलट तो नसला की हायवेला इंजिन नीट तापतच नाही. पेट्रोल जास्त जातं, न जळलेलं पेट्रोल सिलिंडरच्या भिंतीवरून ऑइलमध्ये उतरतं आणि ऑइल पातळ होतं. इंजिनात धरलेला ओलावा उडून जात नाही, मग ऑइलच्या झाकणाखाली पांढरट चिकट थर जमतो. असा थर पाहून हेड गॅस्केट (इंजिनाचा ब्लॉक आणि वरचं हेड यांच्यामधलं पॅकिंग) गेलं समजून हेड उतरवलं जातं. काटा खाली राहणं ही तुम्हाला जमेची बाजू वाटते, पण तो अर्ध्याच्या आसपास स्थिर असायला हवा.

खर्चाबद्दल म्हणाल, तर पहिल्या तपासणीला एक पैसा लागत नाही. इंजिन गरम होऊन फॅन सुरू झाला की वर्तमानपत्राचं एक पान पुढच्या जाळीवर धरा. हवा आत ओढली जात असेल तर पान चिकटून राहतं. फॅन सुरूच झाला नाही तर इंजिन बंद करून मोटरला बॅटरीवरून थेट १२ व्होल्ट द्या. फिरली तर मोटर ठीक आहे, मग फ्यूज, रिले, स्विच आणि वायरिंग बघायचं. मंद फिरली तर कार्बन ब्रश झिजलेत. फॅन जोरात फिरूनही पान खाली पडत असेल तर मोटर बदलताना वायरी उलट जोडल्या गेल्यात का, फॅनभोवतीचं कव्हर कोणी काढून फेकलंय का, हे पाहा. कव्हर नसलं की फॅन आजूबाजूचीच गरम हवा घुसळत बसतो.

एसीच्या गाडीत एक जागा हमखास सुटते : कंडेन्सर (रेडिएटरच्या पुढे बसवलेली एसीची जाळी) आणि रेडिएटर यांच्यामधली फट. समोरून जाळी स्वच्छ दिसते, पण आत धूळ, किडे आणि कापसाचे तंतू दाबून बसलेले असतात. पाणी इंजिनाच्या बाजूने बाहेर, हलक्या धारेने मारायचं. सर्व्हिस सेंटरच्या प्रेशरने पातळ पात्या वाकतात आणि मग हवा कायमचीच अडते.

हवा ठीक असेल तरच पाण्याकडे वळायचं. पंप पट्ट्यावर चालतो. पट्टा ढिला असेल, किंवा वर्षानुवर्षं बोअरचं पाणी घालून पंपाची पाती गंजली असतील, तर ते आयडलिंगलाच, म्हणजे गाडी उभी आणि इंजिन मंद चालू असतानाच, आधी जाणवतं. रेडिएटरचं झाकणही बघा. त्यावर ०.९ हा दाबाचा आकडा लिहिलेला असतो, आणि तेवढा दाब टिकला तर पाणी ११८ अंशांच्या आसपास उकळतं. रबर गेलेलं झाकण दाब धरत नाही, म्हणून पाणी आधीच उसळून बाहेर येतं. हे झाकण इंजिन पूर्ण गार झाल्याशिवाय उघडू नका. आणि सीबी पॉइंट (डिस्ट्रिब्युटरमधला, ठिणगी पाडणारा कॉन्टॅक्ट) झिजून गॅप कमी झाला की टायमिंग लेट होतं, म्हणजे ठिणगी उशिरा पडते, त्यानेही उभी गाडी तापते.

थर्मोस्टॅट खरोखर अडकला असेल तर घरी पोहोचण्यापुरता काढायला माझी हरकत नाही. शंका असेल तर तो भांड्यात पाण्यात टाकून तापवा. उकळी येईपर्यंत उघडला नाही तर नवा घ्या.

फॅन डायरेक्ट ठेवण्याबद्दलही काळजी वाटते. मिस्त्रींनी रिले वगळून वायर थेट इग्निशन स्विचवरून घेतली असेल, तर तो सगळा भार स्विचच्या कॉन्टॅक्टवर पडतोय. ती वायर गरम होते का, एवढं आजच बघा.

एक विनंती आहे. नवा थर्मोस्टॅट बसवून घ्या, कूलंट भरताना हवा नीट काढायला सांगा, आणि फॅन तेवढा एक दिवस आहे तसाच डायरेक्ट राहू द्या. मग दुपारच्या उन्हात एसी लावून गाडी वीस मिनिटं उभी ठेवा, काट्यावर नजर ठेवून. काटा मधेच थांबला तर दोष फॅनच्या सर्किटमध्ये होता हे नक्की, आणि मग स्विच आणि रिले नीट करून फॅन मूळ जोडणीवर आणता येईल. काटा चढला तर लगेच एसी बंद करा, इंजिन बंद करा आणि मला कळवा. मग आपण पंप आणि टायमिंगपासून पुढे बघू.