गेन म्हणजे आवाजाचं बटण नव्हे, भो!

लग्नसराई लागली की आपल्याकडे गाडीतल्या साऊंड सिस्टीमबद्दल एक मेसेज हमखास फिरतो. यंदा तो मला आठवडाभरात तिघांनी पाठवला, त्यात माझा भाचाही. मजकूर असा: 'ॲम्पचा गेन फुल्ल ठेवा, पैसे मोजलेत तर पूर्ण ताकद वापरा. कमी वॅटच्या ॲम्पने वूफर कधीच जळत नाही. फ्यूज सारखा उडत असेल तर मोठा टाका. हेडलाईट डिम होत असतील तर कपॅसिटर लावा.' ॲम्प म्हणजे आवाजाला ताकद देणारा डबा, वूफर म्हणजे जाड आवाजाचा मोठा स्पीकर. जळगाव-भुसावळ पट्ट्यात गाड्यांचं वायरिंग करण्यात माझी बरीच वर्षं गेली. या चारही वाक्यांनी माझा धंदा वाढतो, गिऱ्हाइकाचा खिसा मात्र रिकामा होतो.

भाच्याने मेसेज आधी अंमलात आणला आणि मग मला पाठवला. गाडी आणली तेव्हा डिक्की उघडताच जळक्या वॉर्निशचा वास आला. वूफरचा कोन, म्हणजे पुढचा पडदा, दोन्ही हातांच्या बोटांनी सारखा दाबला, तर आतून खर्र आवाज. कॉईल, म्हणजे कोनामागची तारेची गुंडाळी, तापून वाकडी झाली की ती मॅग्नेटच्या फटीत घासते. मीटर लावला, चार ओहमच्या कॉईलवर साडेतीनच्या आसपास आकडा यायला हवा होता, आला काहीच नाही. तार आतून तुटलेली.

आता गेन. डेकमधून, म्हणजे डॅशबोर्डमधल्या प्लेअरमधून, आरसीए वायरीवर ॲम्पकडे येणारा सिग्नल कुठे 2 व्होल्टचा असतो, कुठे 4 चा. किती व्होल्ट आले की पूर्ण ताकद द्यायची, हे ॲम्पला सांगायला ती छोटी खुंटी असते. तिच्या एका टोकाला 6 किंवा 8 व्होल्ट, दुसऱ्या टोकाला 0.2 असं बहुतेक ॲम्पवर छापलेलंच असतं. गेन फुल्ल केला म्हणजे 0.2 व्होल्टलाच ॲम्प पूर्ण ताकदीवर. डेकचा आवाज अजून निम्म्यावरही नाही, आणि ॲम्पकडे द्यायला काही उरलेलं नाही. पुढे आवाज वाढत नाही, फाटतो. लाटेचा गोल माथा छाटला जाऊन सपाट होतो. पूर्ण सपाट लाट तेवढ्याच उंचीच्या गोल लाटेच्या दुप्पट वॅट कॉईलमध्ये ओतते.

मेसेजचं दुसरं वाक्यही इथेच पडतं. 50 वॅटच्या ॲम्पने 500 वॅटचा वूफर जळणार नाही, कबूल. पण 300 चा ॲम्प फाडून वाजवला तर तो 600 च्या जवळ जातो, आणि 350 वॅटचा वूफर ते तासभर सोसत नाही. थोडा मोठा ॲम्प जपून वाजवणं परवडतं.

गेन लावायला कान नको, साधा मीटर पुरतो. ॲम्पचे खरे म्हणजे आरएमएस वॅट गुणिले वूफरचे ओहम, आणि त्याचं वर्गमूळ: तेवढे व्होल्ट ॲम्पमधून बाहेर यायला हवेत. 300 वॅट, 4 ओहम: 1200 चं वर्गमूळ 34.6. वूफरच्या वायरी सोडवा, बास बूस्ट बंद, इक्वलायझर शून्यावर, डेकचा आवाज पाऊण. गाडी चालू ठेवून 50 हर्ट्झचा झिरो डीबी, म्हणजे पूर्ण पातळीचा, टोन लावा, मीटर एसी व्होल्टवर ठेवून ॲम्पच्या वूफरच्या टोकांना. गेन शून्यापासून हळूहळू वाढवा, 34 दिसले की थांबा. नवा वूफर बसवून भाच्याचं मी हेच केलं. खुंटी मध्यापर्यंतसुद्धा गेली नाही.

खरे वॅट ओळखायचे कसे? खोक्यावर 3000 लिहिलंय आणि ॲम्पवर 25 चे दोन फ्यूज आहेत, तर 50 अँपिअर गुणिले 14 व्होल्ट म्हणजे 700 वॅट आत जाणार. त्यातला काही भाग उष्णतेत जातो, साडेपाचशे बाहेर आले तरी खूप. बाकी सगळी छपाई.

फ्यूजच्या सल्ल्यावर मात्र मला राग येतो. बॅटरीजवळचा फ्यूज ॲम्पसाठी नसतो, वायरीसाठी असतो. म्हणून तो बॅटरीपासून दीड फुटाच्या आत हवा. बॉनेटमधून आत येताना वायर पत्र्याला कापली गेली तर बॅटरी शेकडो अँपिअर सोडते. तेव्हा मोठा फ्यूज शांत बसतो आणि वायर पेटते. त्यात वायर तांब्याचा मुलामा दिलेली ॲल्युमिनियमची असली तर तिची करंट सोसायची ताकद आधीच कमी. फ्यूज उडतोय तर कारण शोधा: दबलेली वायर किंवा चुकीचे ओहम. चार ओहमच्या दोन कॉईल समांतर जोडल्या की दोनच ओहम होतात, आणि ब्रिज केलेले, म्हणजे दोन चॅनेल एकत्र जोडलेले, बरेच ॲम्प चारच्या खाली चालत नाहीत.

कपॅसिटर म्हणजे थोडी वीज साठवणारा डबा, त्याचा हिशोब छोटा आहे. एक फॅरडचा कपॅसिटर 14 व्होल्टवरून 12 वर येईपर्यंत 26 ज्यूल देतो. 500 वॅट ओढणाऱ्या ॲम्पला ते सेकंदाच्या विसाव्या भागापुरते. त्याआधी अर्थिंग, म्हणजे ॲम्पची गाडीच्या पत्र्याला जाणारी वायर, बघा: रंग खरवडून, उघड्या पत्र्यावर, आखूड वायर.

मे महिन्यात भुसावळला पारा 45 ला टेकतो, आणि लोक ॲम्प सीटखाली गालिच्यात गुंडाळतात. तो तापून बंद पडला की 'खराब निघाला' म्हणतात. त्याला वारा द्या, इतकंच.

गाडी नेताना भाचा म्हणाला, "मामा, आवाज कमी व्हई गया ना!" मी गेनच्या खुंटीवर आणि तिच्या कडेवर मिळून नेलपॉलिशचा एक ठिपका लावून दिला. परवा गाडी पुन्हा आली तेव्हा ठिपका मधोमध चिरलेला होता.