आजोबांची कंबर दुखत नव्हती म्हणे!

गावच्या ग्रुपवर परवापासून एक मेसेज फिरून राहिला, चार जणांनी मले वेगळा पाठवला कारण मी सेवा केंद्रात दिवसभर कॉम्प्युटरपुढं बसतो. मेसेज असा की खुर्चीच कंबरेची दुश्मन, आजोबा-पणजोबा मांडी घालून बसत म्हणून त्यांची कंबर कधी दुखली नाही, खुर्चीत बसायचंच तर ९० अंशात ताठ बसा, पट्टा बांधा, अन् बसणं सिगरेटीपेक्षा वाईट.

कंबर दुखली नाही हे कोणं सांगितलं बाप्पा? माझी माय निंदणाहून आली की कंबरेले हात लावून ओसरीतच आडवी होते, तिनं जन्मात खुर्चीवर काम केलं नाही. वाकून असो का बसून, एकाच जागी घंटे काढले की दुखतेच. अन् मांडीचंच म्हणाल तर जिनिंगमधले जुने मुनीम आठवा, पाठीमागं लोड अन् पुढं तिरप्या झाकणाची लाकडी पेटी, म्हणजे पाठीले टेका अन् वही डोळ्याकडं वर आलेली. आता भुईवर मांडीत लॅपटॉप घेऊन बसलं तर मान खाली लोंबते, अन् डोकं चार-पाच किलोचं असते, ते जेवढं पुढं जाईल तेवढी मानेची ओढ वाढते.

९० अंशाचं ऐका. २००६ साली स्कॉटलंडच्या ॲबरडीनमध्ये २२ जणांचे बसल्या बसल्या एमआरआय काढले, त्यात ताठ ९० अंशापेक्षा १३५ अंशात मागं रेललं तर मणक्यातल्या गाद्यांवर ताण कमी दिसला. अभ्यास लहान आहे, अन् एवढं रेलून उत्पन्नाचा दाखला कोणी भरत नाही, अंगठ्याच्या मशीनपर्यंत हात पोचला पाहिजे ना. पण थोडं मागं टेकून बसलं तर काही पाप नाही, ताठच बसा हा हट्ट काहून?

सिगरेटचं तर सोडाच. तंबाखूनं जगात वर्षाले ७० लाखांवर माणसं मरतात, अन् हा मेसेज पाठवणारा आमचा भाऊ खर्रा तोंडात धरून पाठवते. जास्त बसणं वाईट हे कबूल, पण बरोबरी नाही.

पट्ट्याबद्दल जागतिक आरोग्य संघटनेनं डिसेंबर २०२३ मध्येच सांगितलं की जुनाट कंबरदुखीत नेहमीचा उपाय म्हणून पट्टे देऊ नका, व्यायाम करा. हां, पायात बधिरपणा आला, पाय लुळा पडला, लघवीवर ताबा राहिला नाही तर त्याच दिवशी डॉक्टर गाठा, तिथं ना पट्टा चालते ना मेसेज.

मागच्या जूनमध्ये दाखल्यांच्या गर्दीत मी दहापासून सहापर्यंत उठलोच नाही, रात्री कूस बदलता येईना. मग प्लास्टिकच्या खुर्चीत कंबरेमागं पोत्याची घडी ठेवली, मॉनिटरखाली दोन विटा, पाय अधांतरी राहायचे तिथं एक वीट, अन् पाण्याची बॉटल टेबलावरून काढून माठ बाहेर ओट्यावर ठेवला. आता अर्ध्या घंट्यानं तहान लागली की उठावंच लागते. रांगेतले ओरडतात, "पुन्हा चालले का पाणी प्याले?" हाव, चाललो.